खिडकीतला फायटर

वाटणीत हॉल आम्हाला आला आणि स्वयंपाकघर धाकट्या जावेला. मधलं दार विटा लावून बुजवलं. ताटं इकडून तिकडे द्यायला सासऱ्यांनी त्या भिंतीत एक खिडकी ठेवली होती. ती मात्र तशीच राहिली, कारण ती बुजवायची कुणी यावर दोघे भाऊ अडून बसले. माझे यजमान म्हणाले, धाकट्याने बुजवावी. धाकटा म्हणाला, थोरल्याने. दोघांचं आयुष्य असल्याच गोष्टींत चाललं आहे. खिडकी उघडीच राहिली, आणि तिच्या रुंद कठड्यावर माझ्या मुलीने काचेची मोठी बरणी ठेवून तिच्यात एक निळा मासा सोडला.

नगरच्या दुकानात त्याला फायटर म्हणतात. बेट्टा हे त्याचं खरं नाव मला पुढे मोबाईलवर कळलं. दुसरा मासा दिसला की हा त्याला फाडून खातो, म्हणून याला एकटंच ठेवायचं. एकटा असला तरी रुबाब मोठा. पंख पसरून बरणीत असा फिरायचा, की जणू आमची सगळी राहुरी त्याच्याच नावावर आहे.

मुलगी नोकरीला पुण्याला निघाली त्या दिवशी तिने माशाच्या खाण्याची डबी काकूच्या हातात दिली. 'काकू, सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन. जास्त नाही हं.' मी तिची बॅग धरून तिथेच उभी होते. डबी माझ्या हातात द्यायला काय झालं होतं? माझे दोन्ही हात बॅगेला गुंतले होते, हे खरं. पण बॅग खाली ठेवता येते.

मी जळले. हेवा म्हणा, मत्सर म्हणा, मला नावाशी घेणं नाही. ही जळण काही त्या दिवसाची नव्हती. माझ्या मुलीच्या पोटातलं काहीही पहिल्यांदा बाहेर पडायचं ते काकूपाशी. पहिल्यांदा पाळी आली ती काकूला सांगितली. गणितात नापास झाली ते काकूला. कॉलेजात विषय बदलला ते काकूला, आणि पुण्याची नोकरी लागली तेव्हा पेढ्याचा पहिला तुकडाही खिडकीपलीकडे गेला. मला सगळ्या बातम्या दुसऱ्या दिवशी मिळायच्या, फोडणी घालून परतलेल्या भातासारख्या. मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, तिने एखादी गोष्ट मला आधी सांगावी, एवढंच.

जाऊ खर्डा गावची. तिला दोन मुलगेच. मुलीची हौस तिने माझ्या मुलीवर भागवून घेतली. वेण्या घालायची, नखं रंगवायची, मी रागावले की तिला खिडकीतून पलीकडे ओढून घ्यायची. वाईट बाई नाही ती. वाईट असती तर बरं झालं असतं, मला तिच्याशी उघड भांडता तरी आलं असतं.

भांडण झालं ते दळणाच्या घरघंटीवरून. वाटणीत घरघंटी तिच्याकडे गेली आणि मी बोलणं टाकलं. आता आमच्याकडे अबोला म्हणजे तोंड शिवणं नव्हे. एका छपराखाली तसं करून भागत नाही. मध्ये तिसरा कुणीतरी घ्यायचा आणि त्याला सांगायचं. आधी आमची मुलगी मध्ये असायची. 'सांग गं तुझ्या काकूला, पाण्याची मोटर चालू राहिलीय.' ती गेल्यावर मध्ये मासा आला. मी बरणीकडे तोंड करून म्हणायची, 'सांग रे, कुणाचं तरी दूध उतू चाललंय.' पलीकडून आवाज यायचा, 'सांग रे बाबा, बघितलंय म्हनावं.' मासा दोघींकडे आळीपाळीने बघायचा. असा निरोप्या मिळणार नाही, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही त्याने.

डबी तिच्याकडे, म्हणून मी माझी डबी आणली. नगरला डोळे दाखवायला गेले होते, तेव्हा त्याच दुकानातून घेतली, तिच्या डबीपेक्षा मोठी. मासा माझ्या मुलीचा. त्याला मी नाही घालायचं तर कुणी? जाऊ सकाळी पूजेला बसली की मी खिडकीपाशी जायची. मासा मला बघून वर यायचा, अंग असं हलवायचा की जन्माचा उपाशी. मला वाटायचं, बघा, ओळखतो मला. तिच्याकडेही तो तसाच जात असेल, हा विचार मी येऊ दिला नाही.

थंडी पडली. ऊसतोड चालू झाली की आमच्याकडे पहाटेचा गारठा पाटाच्या पाण्यावरून थेट घरात येतो. त्या दिवसांत एकदा मुलीचा फोन आला. एरवी ती मला रविवारी करते, हा मधल्याच वारी आला. मी हरखून उचलला.

'आई, मासा आजारी आहे, तुला माहीत नाही?'

पुण्याहून मला कळलं, की माझ्यापासून हातभर अंतरावरचा मासा आजारी आहे. पुण्याला कुणी कळवलं हे विचारायची गरजच नव्हती. मी फोन कानाला तसाच धरून खिडकीपाशी गेले. मासा तळाला पडला होता, एका कुशीवर. पंख मिटलेले, रंग उतरलेला. पोट इतकं फुगलेलं, की तो मासा आहे की सुपारी, कळू नये. वर यायला निघायचा आणि वाटेतच तिरका होऊन पुन्हा खाली जायचा. तो वाईट दिसत होता, आणि मला माशाच्या आधी राग आला. मला हाक मारता आली नाही का हिला? मग आठवलं, हाक कशी मारणार? निरोप्याच आजारी.

संध्याकाळी मुलीने व्हिडिओ कॉल केला. अर्थात काकूच्या फोनवर. जावेने मोबाईल बरणीला लावून धरला. मी इकडच्या बाजूला शेंगा सोलायचं नाटक करत बसले. मुलगी तिकडे रडवेली झाली होती. तिने दिवसभर मोबाईलवर वाचून काढलं होतं.

'काकू, जलोदर असेल तर तो वाचत नाही गं. वरून बघ, खवले उभे राहिलेत का? खवले बाहेर आले असतील तर संपलं.'

'वरून कसं बघू बाई? मधी वटा येतोय. मला काय दिसंना.'

खिडकीच्या तिकडच्या अंगाला स्वयंपाकाचा ओटा आहे आणि माझी जाऊ बुटकी. माझ्याच हाताखालचा ओटा तो, एकेकाळचा. मी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि बरणीत वरून पाहिलं. खवले कौलांसारखे एकावर एक नीट बसलेले होते. फुगा होता तो पोटाला, कल्ल्यांच्या मागे. माझं माहेर श्रीगोंद्याकडचं, गोठ्यात वाढलेली मी. लसूणघास जास्त खाऊन पोट फुगलेली कालवड कशी दिसते ते मला सांगायला नको.

'जलोदर नाही,' मी बरणीला सांगितलं. 'खाऊन फुगलाय. सांग रे कुणाला तरी, किती घालतात ते विचार म्हणावं.'

मुलीने ते ऐकलं. 'काकू, किती घालतेस तू?'

'तू सांगितलं तेवढंच. सकाळी दोन दानं, संध्याकाळी दोन. देवाशप्पथ.' मग हळूच, 'दुपारी आनखी एखादा. तोंडाकडं बघत बसतो गं, मग घास जात न्हाई मला.'

आता माझी पाळी होती, आणि ती बरणीमार्फत उरकण्यासारखी नव्हती. मी स्टुलावरूनच म्हणाले, 'मी पण घालते.'

मोबाईल धरलेला हात खाली आला. जावेने मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. घरघंटीनंतर पहिल्यांदा.

'किती घालता वो ताई?'

'चिमूटभर.'

'अगं बाई! चिमूटभर म्हंजी धा-बारा दानं झालं की वो!'

हॉलच्या कोपऱ्यातून पेपर खाली झाला आणि माझे यजमान म्हणाले, 'मी पण कधीकधी शेव टाकतो. बारीक असते. आवडते त्याला.'

फोनमधून 'बाबा!' अशी किंकाळी आली. तिघांनी मिळून एवढ्याशा जिवाची जेवणावळ मांडली होती, आणि तिघांना वाटत होतं की त्याला आपल्याशिवाय कुणी नाही. एकमेकांना विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे बोलणं आलं.

उपचार मुलीने सांगितला. पहिलं औषध उपास. काही दिवस अन्नाचा कण नाही. जावेने हे ऐकून तोंडाला पदर लावला. ही बाई दारावर आलेल्या कुत्र्यालाही पोळी चोपडून घालते. 'आजारी लेकराला उपाशी ठिवायचं?' म्हणाली. मी म्हणाले, 'संकष्टी धरलीय त्याने, असं समज.' दोन्ही डब्या माझ्या फ्रिजवर ठेवल्या. तिने तिची डबी खिडकीतून माझ्या हातात दिली तेव्हा मला बरं वाटलं, हे लपवून काय करू? जी मला त्या दिवशी मिळायला हवी होती ती आज मिळाली. शेवेची बरणी मी कपाटात कुलपात टाकली.

मग पाण्याचं निघालं. आमच्याकडे शिळं पाणी पीत नाहीत. सकाळी नळ आला की हंडा ओतून, घासून, ताजं भरतात. जाऊ माशालाही तसंच करत होती. रोज सकाळी सगळं पाणी फेकून, बरणी राखेने घासून, नळाचं गारेगार, औषधाचा वास मारणारं पाणी. 'शिळ्या पान्यात कशाला ऱ्हाईल त्यो?' मुलीने कपाळावर हात मारला. माशाला शिळंच पाणी लागतं, एक दिवस बादलीत ठेवलेलं, त्याच्या उबेचं, आणि तेही थोडंथोडं बदलायचं. जावेचं तोंड उतरलं. मी मनातल्या मनात एक खूण केली: चूक तिचीही आहे. मोठ्या मनाच्या बायका असतात असं ऐकलंय. मी त्यातली नाही.

बादली माझ्या हॉलमध्ये ठेवली. कोमट पाणी मी करायची, कोपर बुडवून बघायची, तान्ह्या मुलाच्या अंघोळीला बघतात तसं. मग मीठ. खायचं नव्हे, एप्सम सॉल्ट म्हणून असतं, त्याने पोट मोकळं होतं. जाऊ लगेच धावली. दिराचं खता-औषधांचं दुकान. 'दुकानात पोतं पडलंय की. मॅग्नेशियमच ते. उसाला टाकत्यात त्येच हाय.' मी म्हणाले, 'उसाचं पोत्यातलं नको. मेडिकलमधलं आणू, पाय शेकायला देतात ते.' तिने फोनवर मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, 'आई बरोबर म्हणतेय.' माझ्या मुलीच्या तोंडून काकूसमोर आलेलं हे वाक्य. ती संध्याकाळ मी चवीचवीने घालवली. भाजीत मीठ जास्त झालं तरी यजमानांना उलट बोलले नाही.

पातेल्यात कोमट पाणी, त्यात थोडं ते मीठ विरघळवायचं, मासा थोडा वेळ त्यात ठेवायचा आणि परत बरणीत. उचलायला जाळी नव्हती. वाटीने उचलायचा. माझा हात कापायचा आणि तिचा नाही. म्हणून वाटी तिच्या हातात, पातेलं माझ्या. तो तिच्या वाटीत शांत पडून राहायचा. मला तेही बोचायचं. मरायला टेकलेल्या माशाला कुणाची वाटी आवडते याचा हिशोब करणारी बाई मी. पण बोचायचं ते बोचायचंच.

दोन दिवस काहीच फरक नाही. तिसऱ्या दिवशी तर तो हलेचना. बरणीवर टिचकी मारली, डोळाही हलला नाही. जाऊ ओट्याला टेकून रडायला लागली. 'पोरीनं माझ्या भरवशावर ठिवलेला वो ताई.' मला म्हणायचं होतं, तुझ्याच भरवशावर का? पण तिच्याकडे बघून म्हणता आलं नाही. मी बरणी कोमट पाण्याच्या टोपात ठेवली आणि पाणी निवलं की बदलत राहिले. त्या दिवशी आमच्याकडे खिचडी झाली, तीही तिने करून खिडकीतून दिली. माझ्या जुन्या ओट्यावरची खिचडी मी कितीतरी महिन्यांनी खाल्ली. चांगली झाली होती. मी तसं सांगितलं नाही.

पुढे त्याने एक पंख उघडला. मटारचे दिवस होतेच. एक दाणा उकडून, साल काढून, त्यातला मोहरीएवढा कण मी सुईच्या टोकावर धरला. त्याने तोंडात घेतला, थुंकला, बघितला आणि पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ खिडकीतून एवढ्याने ओरडली, की यजमान दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून पळत आले. बरणीच्या तळाशी काळी दोरी पडली होती. माशाला परसाकडला झाली होती. आम्ही दोघी, पन्नाशीकडे झुकलेल्या, सुना यायच्या वयाच्या बायका, एकमेकींचे हात धरून हसत होतो. यजमानांनी आत डोकावलं, काय ते कळल्यावर दाढी पुरी करायला परत गेले.

संध्याकाळी फोनवर जाऊ म्हणाली, 'तुझ्या आईनंच वाचवला बघ. त्यांनीच वळखलं, त्यांनीच शेकलं. मी नुसती वाटी धरली.' मी कान टवकारून बसले होते. आता माझी लेक मला काहीतरी म्हणणार.

'काकू,' मुलगी म्हणाली, 'किती मोठ्या मनाची गं तू!'

घ्या. मासा मी वाचवला आणि मोठं मन तिचं निघालं. पुढे 'थँक्यू आई' वगैरेही आलं, पण ते लग्नात शेवटी उरलेल्यांना देतात तसल्या नारळासारखं. मी शेंगा सोलायला घेतल्या, या वेळी खरोखर.

अबोला त्यानंतर राहिला नाही. मध्ये मासा घ्यायची गरज उरली नाही. 'ताई, बादली भरू का?' ती विचारायची, मी 'भर' म्हणायची. दळणही तिच्याकडे जायला लागलं. पण जळण होती तिथेच होती. रोज संध्याकाळी माझ्या मुलीचं हसू खिडकीपलीकडून यायचं आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायची.

मग ती दुपार आली. जाऊ तिच्या बाजूने बरणीतलं थोडं पाणी वाटीने काढत होती, मी माझ्या बाजूने शिळं पाणी घालत होते. आमच्यात बरणीएवढं अंतर. माझा फोन वाजला. मुलगी. पुन्हा मधल्याच वारी.

'आई, काकूचा फोन लागत नाहीये. जरा दे ना तिला.'

जावेने वाटी खाली ठेवली आणि हात पुसून पुढे केला. आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू येत होतं. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि फोनवर म्हणाले, 'काकू बाहेर गेलीय. मला सांग.'

पुढे केलेला हात तसाच थांबला. मग हळूच मागे गेला. मला अजूनही याचा पश्चात्ताप नाही. एवढी वर्षं थांबले होते मी.

'आई, मग तुलाच सांगते,' मुलगी म्हणाली. 'मी हैदराबादला चाललेय. बदली. मीच मागून घेतली. पुढच्या महिन्यात जायचं. तीन वर्षं तरी तिकडेच.' आणि लगेच घाईघाईने म्हणाली, 'काकूला आधी सांगणार होते. तिने तुला नीट समजावून सांगितलं असतं. तू एकदम मनाला लावून घेतेस ना, म्हणून मी नेहमी आधी तिला सांगते.'

'मला कशाला समजवायला लागतं?' मी म्हणाले. 'चांगलं झालं की. पगार वाढला असेल.' आणखीही काहीबाही बोलले. फोन बंद केला तेव्हा खिडकीची पलीकडची बाजू रिकामी होती. वाटी ओट्यावर, मासा अर्ध्या बरणीत.

मी पाणी घालून बरणी भरली. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. पुणे म्हणजे सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी येता येतं. हैदराबाद किती लांब आहे हे यजमानांना विचारलं नाही, कारण मग का विचारतेस ते सांगावं लागलं असतं.

दिवेलागणीला जाऊ खिडकीत आली. आता सांगणं मला भाग होतं. आणि खरं म्हणजे मला सांगायचंही होतं. माझ्याकडे पहिल्यांदाच अशी बातमी होती, जी तिला माझ्याकडून कळणार होती.

'पोरगी हैदराबादला चाललीय,' मी म्हणाले. 'तीन वर्षं. मघाशी फोन आलेला तिचा.'

'अगं बाई!' तिने हनुवटीला हात लावला. 'खरंच? कधी ठरलं वो ताई?'

'आजच सांगितलं. मला.'

'मग. आईलाच आधी सांगनार की पोरगी,' ती म्हणाली आणि तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला. उजेडात मला तिचे डोळे दिसले. लाल, पार सुजलेले, पापण्या उघडत नव्हत्या. तिचं रडून झालं होतं. माझं अजून व्हायचं होतं.